कल्याण कॅम्प ते उल्हासनगर

उल्हासनगरच्या जुन्या वस्तीतला पत्ता आजही असाच लिहितात: बराक नंबर, खोली नंबर, सेक्शन, कॅम्प नंबर. रस्त्याचे नाव पुष्कळदा नसतेच. पोस्टमनला, रिक्षावाल्याला, घरोघर लग्नपत्रिका वाटणाऱ्याला एवढे पुरते. गेल्या पाऊणशे वर्षांत बराकींच्या जागी चार-पाच मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांना देवांची आणि आईवडिलांची नावे मिळाली, पण पत्त्यातली बराक गेली नाही. महाराष्ट्रातल्या शहरांच्या पत्त्यांत आळ्या असतात, पेठा असतात, वाड्या असतात. या शहराच्या पत्त्यात लष्कराची छावणी आहे.

मुंबईहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उल्हासनगरचा विषय निघाला की बोलणे जीन्सवर, फर्निचरवर आणि नकली मालावर येऊन थांबते. कल्याण, अंबरनाथ, बदलापुरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतही शेजारच्या या शहराची माहिती बाजारापुरतीच असते. हे मला अनेक वर्षे खटकत आले आहे. १९४७ ते १९६० या काळात सुमारे तेरा चौरस किलोमीटर जागेत जे घडले, तो आपल्या ठाणे जिल्ह्याच्या आधुनिक इतिहासातला सर्वांत मोठा अध्याय आहे, आणि मराठीत तो फार थोडा सांगितला गेला आहे.

गोष्ट सुरू होते ती दुसऱ्या महायुद्धापासून. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्याकडून नाशिकला जातो, दुसरा कर्जतकडून पुण्याला. मुंबईची गोदी इथून ५४ किलोमीटरवर. उत्तरेला उल्हास नदीचे बारमाही पाणी, दक्षिणेला मलंगगडाच्या रांगा आणि मधे भातशेतीची सपाट जमीन. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी ज्या वालधुनीच्या काठी ते देऊळ उभारले, तीच वालधुनी पुढे या सपाटीतून वाहत जाऊन उल्हासला मिळते. जपान युद्धात उतरला आणि पूर्वेकडची आघाडी पेटली, तेव्हा फौजा उतरवायच्या, काही दिवस ठेवायच्या आणि पुढे पाठवायच्या, यासाठी इंग्रज सरकारला अशीच जागा हवी होती. कल्याणचा लष्करी ट्रान्झिट कॅम्प असा उभा राहिला. सहा हजार सैनिक आणि तीस हजार इतर माणसे राहतील असा त्याचा अंदाज होता. २,१२६ बराकी आणि कर्मचाऱ्यांसाठी १,१७३ घरे बांधली गेली. जवळच नेवाळीला विमानांसाठी धावपट्टी झाली. त्या धावपट्टीसाठी गेलेल्या जमिनींचा वाद अजून मिटलेला नाही. जून २०१७ मध्ये नेवाळीचे शेतकरी त्यासाठी रस्त्यावर उतरले आणि आंदोलन हिंसक झाले. युद्धकाळात एका सहीने घेतलेली जमीन तीन पिढ्यांनंतरही माणसांना स्वस्थ बसू देत नाही. उल्हासनगरची गोष्ट सांगताना या भूमीवर आधी नांगर धरणाऱ्या आगरी आणि कुणबी घरांचीही आठवण ठेवली पाहिजे.

युद्ध संपले, फौजा गेल्या. छावणी ओस पडली.

त्याच सुमारास हजार किलोमीटरवर दुसरा एक समाज, सिंधमधले हिंदू, घर सोडायच्या बेतात होता. सिंध आणि आपण फार काळ एकाच सरकारचे प्रजाजन होतो, हे आज कुणाच्या लक्षात नसते. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला, आणि १ एप्रिल १९३६ ला तो वेगळा प्रांत होईपर्यंत कराची आणि ठाणे यांचा कारभार एकाच गव्हर्नरच्या हाताखाली चालला. कराचीतली नामांकित सरकारी शाळा, १८५५ मध्ये सुरू झालेली, आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी गृहस्थांच्या नावाने ओळखली जाते. ते सिंधच्या शिक्षणखात्यात अधिकारी होते आणि सिंधी लिपीच्या व्यवस्थेत त्यांनी मोठे काम केले. तेव्हा १९४८ साली मुंबईच्या गोदीत उतरलेली माणसे अगदी अनोळखी मुलखातून आलेली नव्हती. ती आपल्याच जुन्या इलाख्याच्या दुसऱ्या टोकाहून आली होती.

फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. तिथून उखडलेल्या हिंदू-शीख माणसाला निदान आपल्या भाषेचा अर्धा प्रांत भारतात उरला होता. सिंधचे तसे झाले नाही. तो अखंडच पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंना भारतात ज्याला आपला म्हणावा असा जिल्हासुद्धा मिळाला नाही. सिंध्यांच्या पुढच्या सगळ्या इतिहासाचे मूळ या एका गोष्टीत आहे. सिंधमध्ये पंजाबसारखी सर्वत्र कत्तल झाली नव्हती, त्यामुळे १९४७ च्या ऑगस्टमध्ये बरेच जण ‘जरा थांबून पाहू’ म्हणत होते. मग भारतातून आलेल्या मुसलमान निर्वासितांचे लोंढे वाढले, घरे बळकावली जाऊ लागली, आणि ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली. त्यानंतर धीर सुटला. कराचीहून बोटी मुंबईला आणि काठेवाडच्या बंदरांना लागू लागल्या. काही जण मीरपूरखासवरून राजस्थानच्या रेल्वेने आले.

ज्यांचे परदेशी व्यापाराचे जाळे होते, ज्यांचे नातेवाईक मुंबईत आधीपासून होते, त्यांनी आपापली वाट काढली. उरले ते सक्करचे, लारकान्याचे, शिकारपूरचे, खेड्यापाड्यांतले छोटे दुकानदार, कारकून, मास्तर. त्यांच्यासाठी मुंबई सरकारने मिळेल तिथे छप्पर शोधले. मुलुंड, चेंबूर, सायन कोळीवाडा, ठाण्याची कोपरी, पुण्याजवळची पिंपरी, देवळाली. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धकाळात पोलंडमधले निर्वासित येऊन राहिले होते. ते गेल्यावर त्यांच्या रिकाम्या घरांत सिंधी आले आणि त्या वसाहतीचे गांधीनगर झाले. या सगळ्यांत मोठी छावणी कल्याणची. तिथे छपरे तयार होती. बघता बघता लाखाच्या आसपास माणसे त्या बराकींत शिरली. युद्धकाळात छावणीच्या कारभाऱ्यांनी जेवढी माणसे धरली होती त्याच्या अडीच-तीन पट, आणि ती काही दिवसांसाठी आलेली नव्हती.

बराक कशी होती ते नीट पाहायला हवे, कारण पुढचे शहर तिच्याच पोटातून आले. बहुतेक बराकींत मधे एक लांब हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. सैनिकांनी ओळीने खाटा टाकून झोपावे, सकाळी कवायतीला जावे, एवढीच त्या रचनेची अपेक्षा. तिथे आता कुटुंबे आली. म्हातारी आई, नवरा-बायको, उपवर मुली, तान्ही मुले. ज्यांना खोली मिळाली त्यांचे जरा बरे. हॉलमध्ये राहणाऱ्यांनी गोणपाटाचे, चादरींचे, जुन्या साड्यांचे पडदे बांधून आपापली जागा आखली. पडद्यापलीकडचे बोलणे, भांडण, आजारपण सगळे अलीकडे ऐकू येई. चूल कुठे मांडायची यावरून कटकटी होत. नळ सामाईक, संडास सामाईक आणि तेही ओळीने. विजेचा उजेड थोडा, पाणी त्याहून थोडे. सिंधमधल्या गावात स्वतःच्या वाड्यात, पडद्यात राहिलेल्या बाईला पहाटे अंधारात बादली घेऊन रांगेत उभे राहावे लागले. कोकणचा पाऊस त्यांनी कधी पाहिला नव्हता. सिंधमध्ये वर्षाकाठी कसेबसे पाच-सात इंच पडते. जून १९४८ मध्ये छपरावर जो मारा सुरू झाला तो चार महिने थांबला नाही. ओले सरपण, ओली अंथरुणे, मलेरिया.

सरकारची दृष्टी त्या वेळी सहानुभूतीची होती तशीच संशयाचीही होती. मुंबई सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांसाठी वेगळा कायदा केला. त्यात नाव नोंदवणे सक्तीचे होते. मुंबई शहरात गर्दी नको, रोगराई नको, ही काळजी खरी होती. पण ज्यांनी नुकतेच घर गमावले होते त्यांना पुन्हा कुणी तरी मोजते आहे, अडवते आहे, याची बोच लागली. पुढची कित्येक वर्षे सिंधी माणूस सरकारी कचेरीत पाऊल टाकताना जो हातचा राखून बोलायचा, त्याचे मूळ मला या काळात दिसते.

८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी कल्याण कॅम्पात आले. त्यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीला नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. ‘इथून आता हलायचे नाही’ हे त्या दिवशी सरकारनेच मान्य केले. पण नाव दिले म्हणून शहर होत नाही. त्याच काळात कच्छमध्ये भाई प्रताप दियालदास यांनी कच्छच्या महारावांकडून जमीन मिळवून गांधीधाम वसवायला घेतले होते. तिथे आधी आराखडा झाला, मग माणसे आली. उल्हासनगरात आधी माणसे आली, आणि आराखडा म्हणून हाती होता तो लष्कराचा: ब्लॉक, सेक्शन, मधे कवायतीची मैदाने. कॅम्प एक शहाडच्या बाजूला, चार विठ्ठलवाडीजवळ, पाच अंबरनाथच्या वेशीला. या पाच आकड्यांवरच शहर वाढले. बाजारपेठ कुठे, कारखाने कुठे, गटाराचे पाणी कुठे जाणार, याचा विचार कुणी केला नाही. पुढे या शहराला बेकायदा म्हणून जेवढे हिणवले गेले, त्यातला मोठा वाटा या सुरुवातीच्या हयगयीचा आहे असे माझे मत आहे.

पोटाचे काय? शेतजमीन नव्हती, नोकऱ्या नव्हत्या. सुरुवात झाली ती घरात होईल अशा वस्तूंपासून. उडदाचे मिरी घातलेले पापड, लोणची, गोळ्या-बिस्किटे, साबण, उदबत्त्या. पापडाचे काम बायकांनी उचलले. पहाटे पीठ कुटायचे, बराकीच्या पडवीत बसून लाटायचे, समोरच्या मोकळ्या जागेत खाटेवर कापड अंथरून वाळत घालायचे, पावसाळ्यात चुलीच्या उबेला. घरचा पुरुष किंवा शाळेत जाण्याच्या वयाचा मुलगा ते डब्यात भरून लोकलने मुंबईला नेई आणि डब्याडब्यात, चाळीचाळीत विकी. दादर-गिरगावच्या मराठी घरांत सिंधी पापड शिरला तो असा. ज्या घराण्यांत बाईने उंबरठ्याबाहेर कमावणे कमीपणाचे मानले जाई, त्या घरांचा पहिल्या दोन-तीन वर्षांतला खर्च पुष्कळदा बायकांच्या लाटण्यावर चालला.

विकण्याची त्यांची रीत वेगळी होती. नफा अगदी थोडा ठेवायचा, माल झटपट काढायचा, आलेले पैसे त्याच संध्याकाळी पुन्हा मालात घालायचे. ठरल्या भावाने, ठरल्या वेळेत दुकान उघडणाऱ्या इथल्या व्यापाऱ्यांना ही स्पर्धा जड गेली आणि सिंध्यांविषयीच्या कितीतरी टवाळ म्हणी त्या रागातून आल्या. नकली मालाचा आरोप खोटा होता असे मी म्हणणार नाही. मोठ्या कंपन्यांची नावे आणि वेष्टने यांची नक्कल इथे झाली, आणि ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा शब्दप्रयोग देशभर गेला. पण त्या एका गोष्टीखाली कापडाचा गजानन मार्केट, जपानी बाजार, फर्निचरची मोठी पेठ, घरगुती यंत्रांपासून छपाईपर्यंतचे शेकडो प्रामाणिक उद्योग झाकले गेले. भांडवल नाही, बँकेचे कर्ज नाही, सरकारी औद्योगिक वसाहत नाही, अशा स्थितीत दहा-बारा वर्षांत एवढा बाजार उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण मला महाराष्ट्रात दिसत नाही.

या शहराला केवळ सिंधी म्हणणेही बरोबर नाही. १९५० च्या दशकात शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना आला. अंबरनाथला आगकाड्यांचा विमको, धरमसी मोरारजींचा रसायनांचा कारखाना आणि सरकारी शस्त्रास्त्र कारखाना होताच. या गिरण्या-कारखान्यांसाठी आणि बाजारातल्या हमालीसाठी खानदेश, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्रातून माणसे आली. चार नंबर कॅम्पची सुभाष टेकडी ही अशीच आंबेडकरी कष्टकऱ्यांची वस्ती, आणि पुढे दलित चळवळीचे ठिकाण. बराकींच्या आसपास मराठी वस्ती झाली, पण दोन समाजांची खरी भेट झाली ती दुकानाच्या गल्ल्यावर आणि कारखान्याच्या फाटकावर. एकमेकांच्या घरात फारसे कुणी गेले नाही.

१९५४ मध्ये केंद्र सरकारने विस्थापितांची भरपाई आणि पुनर्वसन यांचा कायदा केला. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासून त्यांच्या बदल्यात ठरावीक प्रमाणात भरपाई द्यायची, ही त्याची पद्धत. पुष्कळांनी ती बराकीतल्या आपल्या खोलीच्या रूपाने घेतली. पडदे गेले, भिंती आल्या, आणि हातात सनद आली. उल्हासनगरात जमिनीचा व्यवहार करताना आजही पहिला प्रश्न असतो, ‘सनद आहे का?’ सिंधमध्ये मोठा वाडा असलेल्याला इथे दोन खोल्या मिळाल्या, आणि त्याने त्या घेतल्या. कुटुंब वाढले तसा वर मजला चढला, पुढचे अंगण दुकान झाले, दोन बराकींमधली वाट झोपड्यांनी भरली. १९६० मध्ये नगरपालिका आली तेव्हा हे सगळे होऊन गेले होते. १९९६ मध्ये महानगरपालिका झाली, तोवर शहर जमिनीवर मावेनासे झाले होते. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ५,०६,०९८ भरली. शेजारचे अंबरनाथ आणि बदलापूर १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिकेत घातले गेले आणि १९९२ मध्ये बाहेर पडले. त्यांना पसरायला माळ आणि डोंगरपायथे होते. उल्हासनगरला चहूबाजूंनी वेस.

बेकायदा इमारतींचे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, २००५ मध्ये शेकडो इमारती पाडण्याची वेळ आली, आणि २००६ मध्ये दंड भरून बांधकामे नियमित करण्याचा खास कायदा राज्याने केवळ या शहरासाठी केला. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे गेली. बिल्डरांचा लोभ आणि पालिकेची डोळेझाक यांना माफी नाही. पण बराकीच्या जागेवर बराकीएवढ्याच पायावर उंच उंच जाण्यावाचून या कुटुंबांना दुसरा मार्ग कोणत्या सरकारने दिला होता, हा प्रश्नही तेवढाच खरा आहे. आणि वालधुनी? अंबरनाथच्या रसायनांनी आणि उल्हासनगरच्या जीन्स धुण्याच्या रंगाने तिचे पाणी निळे-काळे झाले. कारखाने बंद करण्याचे हुकूम निघाले, तरी नदी मोकळी झालेली नाही. छावणीच्या सपाटीतून वाहणाऱ्या या नदीची ही दशा करण्यात दोन्ही शहरांचा वाटा आहे.

भाषेची गोष्ट वेगळीच. आपला प्रांत नसल्यामुळे सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत जागा मिळायला १० एप्रिल १९६७ उजाडावा लागला. लिपी अरबी ठेवायची की देवनागरी, यावर लेखकांत वर्षानुवर्षे वाद चालला. तरी याच बराकींच्या शहरात मोहन कल्पना यांच्यासारखा सिंधीतला मोठा कथाकार-कादंबरीकार राहिला आणि लिहीत राहिला. १९८४ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपल्यापैकी किती जणांनी त्यांचे नाव ऐकले असेल? उल्हासनगरने शिक्षणावरही खर्च केला. १९६० च्या दशकात इथे तलरेजा कॉलेज आणि चांदीबाई कॉलेज निघाले, आणि कर्जत-कसाऱ्यापर्यंतची मराठी मुले तिथे शिकून पदवीधर झाली. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये झुलेलालचे चाळीस दिवसांचे चालिहा व्रत होते. सिंधू नदीच्या देवाचे हे व्रत आता उल्हासच्या काठी पाळले जाते. मुलांच्या शाळा मात्र इंग्रजी झाल्या, आणि आजी-आजोबांची लिपी नातवंडांना वाचता येत नाही.

जुन्या बराकी आता थोड्याच उरल्या आहेत, आणि दरवर्षी त्यांतल्या काही पडतात. १९४८ मध्ये कराचीहून बोटीने आलेला दहा वर्षांचा मुलगा आज सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांचा आहे. ज्यांनी गोणपाटाचे पडदे पाहिले, पहिला पावसाळा सोसला, कोनशिलेच्या दिवशी गर्दीत उभे राहिले, त्यांची पिढी आता बोटांवर मोजण्याएवढी उरली आहे. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या महाविद्यालयांतल्या इतिहास आणि मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना या घरांत पाठवावे, आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, जुनी रेशनकार्डे आणि सनदा पाहून त्यांच्या नकला जतन कराव्यात, आणि हे सगळे मराठीत छापावे. महापालिकेने उरलेल्यांपैकी एक तरी बराक विकत घेऊन, आहे तशी दुरुस्त करून, लोकांसाठी खुली ठेवावी. हे काम येत्या चार-पाच वर्षांत झाले नाही, तर आठवणी सांगणारे कुणी उरणार नाही.